लॉनलाही पाळीपत्रक लावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापायला लागलं आणि खडकवासल्याचा साठा उतरू लागला की पुणेकरांना एक आवाहन केलं जातं: पिण्याचं पाणी लॉनला, बागेला आणि गाड्या धुवायला वापरू नका. चार ओळींची बातमी येते, आपण ती वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीतला पाईप नेहमीच्या वेळी सुरू होतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पाईप कुणी बंद करायचा, किती दिवस करायचा आणि गवत पिवळं पडलं तर उत्तर कुणी द्यायचं, यातलं काहीच ठरलेलं नसतं, म्हणून तो चालू राहतो. हे ठरवता येतं. ठरवायची रीतही आपल्याच जिल्ह्यात आहे. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी कृषी खात्यात पर्यवेक्षक होतो. नोकरीची बरीचशी वर्षं दौंड आणि इंदापूर तालुक्यांत गेली. आता निवृत्तीनंतर सिंहगड रस्त्याला राहतो आणि आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. घरापासून थोड्या अंतरावर मुठा उजवा कालवा आहे. आवर्तन सुटलं, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडलं, की त्यातून जाणारं पाणी शहर ओलांडून दौंड-इंदापूरकडे जातं. शेतकरी ज्या पाण्याची वाट पाहतात आणि आमच्या भुयारी टाकीत जे पडतं, ते एकाच साठ्यातलं. टेमघर ३.७१, वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५ आणि खडकवासला १.९७, मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पुणं वाढलं, कडेची गावं पालिकेत आली, पण आकडा तोच आहे. शहराची पिण्याची गरज आधी बाजूला काढायची आणि उरलेल्यातून शेतीची आवर्तनं बसवायची, हा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीतला शिरस्ता. तो योग्यच आहे, पिण्याला पहिला हक्क हवाच. मात्र पिण्यासाठी म्हणून बाजूला काढलेलं पाणी जेव्हा लॉनवर पडतं, तेव्हा ते कुणाच्या तरी उन्हाळी पाळीतून आलेलं असतं. हे मला शहरात राहूनही विसरता येत नाही.

कालव्याखालच्या शेतकऱ्याला पाणी कसं मिळतं, हे शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आधी नमुना नंबर ७ चा अर्ज भरायचा. मागची पाणीपट्टी थकली असेल तर ती भरायची. मग शेजपाळीप्रमाणे, म्हणजे शेजारून शेजारी, ठरलेल्या क्रमाने पाळी येते. कुठल्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत पाणी कुणाचं, हे कागदावर असतं. तेच पाळीपत्रक. पाळी रात्री दोनची आली तर माणूस बॅटरी घेऊन रात्री दोनला दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला, जातो. त्याची वेळ संपली की चारी, म्हणजे कालव्यातून शेताला येणारा पाट, पुढच्याच्या शेताकडे वळते. दोन सऱ्या कोरड्या राहिल्या तरी वळते. भांडणं होतात, चोरून पाणी घेणारेही असतात, सगळं आलबेल असतं असं मी म्हणणार नाही. पण पाणी मोजून आणि पाळीने घ्यायचं असतं, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. उन्हाळ्यात एक आवर्तन मिळालं तर उसाचा जीव वाचतो, दोन मिळाली तर शेतकरी समाधानी असतो. आमच्या लॉनला मात्र रोज पाळी होती. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास.

कमिटीच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, 'असं कितीसं पाणी लागतं हो लॉनला?' रास्त प्रश्न होता. म्हणून दुसऱ्या दिवशी माळी पाईप घेऊन निघाला तेव्हा मी वीस लिटरची बादली घेऊन खाली गेलो. घड्याळ लावून बादली भरली, चाळीस सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला तीस लिटर, आणि तीन तासांत ५,४०० लिटर. आमचं लॉन सात गुंठे आहे. एका माणसाला दिवसाला १३५ लिटर हा शहरी पाणीपुरवठ्याचा निकष धरला तर हे चाळीस माणसांचं पाणी झालं. खेड्यात जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटरचा आहे. त्या हिशेबाने ते अठ्ठ्याण्णव माणसांचं, एका वाडीचं. मार्च, एप्रिल आणि मे असे तीन महिने धरले तर जवळपास पाच लाख लिटर. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर. हे सगळं बैठकीत फळ्यावर लिहिलं आणि त्यानंतर 'कितीसं' हा शब्द कुणी उच्चारला नाही. माझी प्रत्येक सोसायटीला विनंती आहे की आधी बादली आणि घड्याळ घ्या. इतर कुठल्याही भाषणापेक्षा त्याने काम लवकर होतं.

आता गवताबद्दल. माझं आयुष्य पिकांत गेलं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. लॉन वाळलं की मेलं, अशी शहरात समजूत आहे आणि रोजच्या पाण्याचं मूळ तिथे आहे. आमच्याकडे अर्ध्याहून अधिक भागात साधी हरळी आहे. हरळी म्हणजे काय हे शेतकऱ्याला विचारा. नांगरून, वखरून, बाया लावून काशा, म्हणजे तिची जमिनीखालची खोडं, वेचून काढल्या तरी एखादी काशी मातीत राहते आणि पुढच्या पावसात सगळं रान परत हिरवं करते. उन्हाळ्यात हरळीचं पातं पिवळं, मग मातकट होतं, पण खालच्या काशा जिवंत असतात. ती तिची उन्हाळा काढायची पद्धत आहे. मेक्सिकन लॉनचा गालिचा दिसायला देखणा खरा, पण त्याला पाणी आणि निगा दोन्ही जास्त लागतात. नव्याने लॉन लावणाऱ्यांनी नर्सरीवाल्याला आधी पाण्याचं विचारावं, हिरवेपणाचं नंतर.

रोज थोडंथोडं शिंपडण्याने गवताचं नुकसानच होतं. पाणी वरच्या इंचभर मातीत राहतं, मुळंही तिथेच घुटमळतात, आणि एक दिवस पाणी चुकलं की गवत मान टाकतं. त्याऐवजी चार दिवसांनी एकदा, पण खोलवर ओल जाईल असं पाणी दिलं तर मुळं ओलीच्या मागे खाली जातात. पाण्याची गरज आहे का, हे बघायला कुठलं यंत्र लागत नाही. गवतावरून चालून मागे वळून बघावं. पाऊल उचलल्यावर पाती उभी राहिली तर पाणी नको. ठसा तसाच राहिला तर पाळी द्यावी. किती द्यावं हे कळण्यासाठी गवतात दोनचार उभ्या काठाचे रिकामे डबे ठेवावेत. डब्यात बोटाच्या एका पेराच्या निम्म्याहून थोडं जास्त, म्हणजे बारा-तेरा मिलिमीटर पाणी साठलं की पाईप पुढे सरकवावा. वेळ पहाटेची. सूर्य वर आला की वाऱ्याने आणि उन्हाने बरंचसं पाणी मुळांना लागायच्या आधी वाया जातं. आणि गवत कापताना मशीन जरा वर ठेवावं. अगदी जमिनीलगत भादरलेल्या गवताखालची माती भाजते, दोन-अडीच इंच ठेवलेलं गवत स्वतःच्याच सावलीने ओल धरतं.

या सगळ्याचा विचार करून आम्ही लॉनचे चार वाफे पाडले आणि रोज पहाटे एकाच वाफ्याला पाणी, अशी शेजपाळी बसवली. प्रत्येक वाफ्याची पाळी चौथ्या दिवशी येते. सत्तर मिनिटं पाईप चालतो, साधारण २,१०० लिटर जातात. संध्याकाळचं पाणी बंद. भुयारी टाकीवरून लॉनसाठी घेतलेली जोडणी प्लंबरकडून काढून टाकली, त्यामुळे नळाचं पाणी आता लॉनला जातच नाही. जे काही द्यायचं ते बोअरचं. एप्रिलअखेर बोअर दम टाकतं, तेव्हा पाळी चुकते आणि चुकू द्यायची असं ठरलं आहे. झाडांना मात्र आळी करून, पालापाचोळ्याचं आच्छादन घालून पाणी देतो. झाड वठलं तर दहा वर्षांची सावली जाते, गवत जुलैत परत येतं. दोघांना एका मापाने मोजू नये.

हे अमलात आणताना खरी अडचण कुठे आली, ते मुद्दाम लिहितो, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. अडचण आली माळ्याची. नियम कमिटीने केला, नोटीस लागली, तरी आठवडाभर दुपारी चोरून पाईप सुरू होत होता. त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, 'साहेब, गवत पिवळं दिसलं की येणारा-जाणारा मलाच बोलतो. ठेकेदाराकडे तक्रार गेली तर माझं काम जाईल. तुम्ही कमिटीवाले सांगता बंद कर, पण बोलणी मला बसतात.' त्याचं शंभर टक्के खरं होतं. पाणी वाचवायचं आपण ठरवतो आणि त्याची जोखीम सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर टाकतो. आम्ही मग ठेकेदाराला लेखी पत्र दिलं की मार्च ते जून लॉन पिवळं पडेल, ते कमिटीच्या निर्णयाने पडेल, आणि त्याबद्दल माळ्याला जाब विचारायचा नाही. तेच पत्र मराठीत आणि हिंदीत लिफ्टजवळ लावलं. पाण्यावरचे जे दोन तास वाचले त्यात तो आता कंपोस्टचे खड्डे बघतो, आळी करतो. त्याच्या पगाराला हात लावलेला नाही आणि लावूही नये. हे पत्र लागलं त्या दिवसापासून दुपारचा पाईप बंद झाला. कुठल्याही शहरात, कुठल्याही सोसायटीत लॉनचा नियम पाळायचा असेल तर आधी माळ्याला अभय द्यावं लागेल, असं माझं ठाम मत झालं आहे.

आक्षेप आले, त्यातले दोन महत्त्वाचे. एक, 'बोअरचं पाणी आमच्या मालकीचं, त्यावर कसला निर्बंध?' आपल्याखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी राहतं ते वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. एकच भेग चार सोसायट्यांच्या आणि एखाद्या जुन्या विहिरीच्या खालून जाते. आम्ही जास्त उपसलं की शेजारचं बोअर आधी आटतं, मग ते आणखी खोल जातात, मग आमचं आटतं. मग टँकर, आणि तो टँकरही कुठल्या तरी विहिरीवरच भरतो.

दुसरा आक्षेप, 'मग सांडपाणी शुद्ध करून लॉनला का घालत नाही?' आमची इमारत जुनी, तिथे एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा, नाही. पण वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते आणि एसटीपी हा त्या मंजुरीतल्या अटींचा भाग असतो. म्हणजे मोठ्या संकुलांकडे लॉनसाठी लागणारं पाणी त्यांच्याच आवारात रोज तयार होऊ शकतं. आमच्या भागातल्या एका संकुलात मी गेलो होतो. एसटीपीची टाकी भरलेली, मोटर बंद, आणि वर लॉनवर नळाच्या पाण्याचे फवारे. कारण विचारलं तर, वास येतो आणि विजेचं बिल येतं. वास येतो तो प्रक्रिया अर्धवट होते म्हणून. हवा देणारा ब्लोअर नेमाने चालवला, गाळ वेळेवर काढला, शेवटी क्लोरीन नीट दिलं तर ते पाणी लॉनला उत्तम. मुलं खेळतात तिथे उघड्या फवाऱ्याने न देता पहाटे पाईपने किंवा जमिनीखालच्या ठिबकने द्यावं, आणि पावसाळ्यात जमीन एकदा स्वच्छ पाण्याने धुऊन निघते, त्यामुळे क्षार साठायची भीती आपल्याकडे कमी. विजेचं बिल येतं हे खरंच. ते मेन्टेनन्समध्ये धरावं. ज्यांना हिरवं लॉन हवं आहे त्यांनी हा खर्च उचलणं न्यायाचं आहे.

निर्बंध घालून लोक ऐकतात का, असाही प्रश्न येतो. बेंगळुरूत मार्च २०२४ मध्ये लोकांना ऐकावं लागलं. २०२३ चा पाऊस कमी झाला, बोअर आटली, आणि तिथल्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी बागेला, गाड्या धुवायला, कारंज्यांना आणि बांधकामाला वापरण्यावर बंदी घातली. दंड पाच हजार रुपये, पुन्हा सापडलात तर वर रोजचे पाचशे. त्याच महिन्यात बावीस घरांकडून १ लाख १० हजार रुपये वसूल झाल्याच्या बातम्या होत्या. माझी भाची व्हाईटफील्डला राहते. तिच्या संकुलातलं लॉन त्या उन्हाळ्यात पार मातकट झालं होतं आणि पावसाळ्यात आपोआप परत आलं, त्यावर एक रुपयाही खर्च करावा लागला नाही, असं ती सांगते. मेलबर्नमध्ये १९९७ ते २००९ असा लांबलेला दुष्काळ होता. २००७ साली तिथे घरच्या लॉनला पाणी घालायलाच मनाई झाली. पुढे पाऊस आला, धरणं सावरली, तरी कायमचे नियम ठेवले: लॉनचे फवारे संध्याकाळी सहा ते सकाळी दहा याच वेळेत, आणि हातातल्या पाईपला चाप असलेली तोटी हवी, म्हणजे पाईप खाली टाकला की पाणी बंद. मला यातला 'कायमचे' हा भाग पटतो. आपल्याकडे साठा खाली गेला की आवाहन, आणि पहिला पाऊस पडला की विसर. दर वर्षी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून महापालिकेला माझी विनंती आहे. बंदीची वाट न बघता लॉनचं पाळीपत्रक कायमचं करावं. फेब्रुवारी ते जून, सोसायट्यांचे विभागवार दिवस ठरवून द्यावेत, सकाळी आठच्या आत. नळाचं पाणी लॉनला नाहीच. चाप नसलेला पाईप चालणार नाही. एसटीपी असलेल्या संकुलांनी दरमहा किती पाणी शुद्ध केलं आणि किती वापरलं, ते फलकावर लावावं. सार्वजनिक उद्यानं आणि दुभाजक यांनाही हाच नियम, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही. आणि हे पत्रक कालवा सल्लागार समितीच्या उन्हाळी बैठकीच्या दिवशीच जाहीर करावं. इंदापूरच्या शेतकऱ्याला त्याची पाळी ज्या दिवशी कळते, त्याच दिवशी आमच्या सोसायटीलाही तिची कळावी.

महापालिका करेल तेव्हा करेल, सोसायट्यांना थांबायचं कारण नाही. सर्वसाधारण सभेत एक ठराव पुरतो. आमच्या ठरावाचा मजकूर असा आहे, तो कुणीही जसाच्या तसा उतरवून घ्यावा: 'दरवर्षी १ फेब्रुवारी ते मोसमी पाऊस सुरू होईपर्यंत लॉनला नळाचे पाणी दिले जाणार नाही. बोअरचे पाणी पहाटे, एका दिवशी एकाच वाफ्याला, सत्तर मिनिटे. बोअर कमी पडल्यास पाळी रद्द. पाणी देण्याच्या दिवसांची नोंद वहीत होईल व वही सुरक्षा केबिनमध्ये सर्वांना पाहण्यासाठी राहील. गवत पिवळे पडल्याबद्दलची तक्रार सचिवांकडे करावी, माळ्याकडे नाही.'

आपला,
एक निवृत्त कृषी पर्यवेक्षक
सिंहगड रस्ता, पुणे